नॅनोऔषधांच्या संशोधनावर सरकारने पैसा का घालावा?

रानपाखरू:
ज्यांना नफा होतो त्या औषध कंपन्यांनीच नॅनो संशोधनाचा खर्च करावा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं जुनं, जालीम औषध. ते गाठीवर चालतं, पण हृदयाचे स्नायूही कमकुवत करतं, म्हणून डोस एका मर्यादेपुढे नेता येत नाही. तेच औषध साधारण १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या पोकळ गोळीत भरलं की हृदयाची इजा बरीच टळते. १९९५ मध्ये ते अमेरिकेत 'डॉक्सिल' नावाने मंजूर झालं. पण लायपोसोम सापडले १९६०च्या दशकात, इंग्लंडमध्ये बाब्रहॅमच्या सरकारी संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांना. ती संस्था प्राण्यांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारी! मध्ये तीसेक वर्षं गेली. इतकी वर्षं कोणता गुंतवणूकदार कळ काढेल?

खडा_सवाल:
हृदय वाचतं, मान्य. पण पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना झाली तेव्हा कॅन्सरवरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला, वर तळहात-तळपायांची कातडी सोलवटण्याचा त्रास मागे लागला. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा छापून आला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक (निम्म्या प्रयोगांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) फक्त ०.७ टक्के! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून धरतात. अमेरिकेने २००० मध्ये राष्ट्रीय नॅनो कार्यक्रम जाहीर केला, त्यात आजवर ४० अब्ज डॉलरहून जास्त गेले. एवढ्या पैशात साधे दवाखाने किती सुधारले असते!

शिंपला:
४० अब्जांत इलेक्ट्रॉनिक्स, ऊर्जा, नवे पदार्थ सगळंच आलं. तो सगळा पैसा औषधांचा धरू नका. आणि ०.७ टक्के हा आकडा काढला विद्यापीठातल्या संशोधकांनी. आपलं तंत्र कुठे कमी पडतं हे कंपनी आपणहून कशाला छापेल? शिवाय नॅनो म्हणजे फक्त कॅन्सर नव्हे. कोविडच्या झटपट चाचणीतली लाल रेघ बघा. बहुतेक पट्ट्यांवर ती सोन्याच्या नॅनोकणांची असते.

खडा_सवाल:
मग शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचं काय? कोविडच्या लशीत स्निग्ध नॅनोकणांतून जो एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, दिला जातो, त्यावरचे त्यांचे अनुदानाचे अर्ज वारंवार नाकारले गेले, १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. २०२३ मध्ये त्याच कामाला नोबेल! समित्यांना पारख नसेल तर लोकांच्या पैशाचा निर्णय त्यांच्या हाती का द्यायचा?

रानपाखरू:
कारण नंतर त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ ड्रू वाइसमन यांच्याबरोबर जे काम उभं राहिलं, त्यालाही सरकारी अनुदान होतंच. समित्या सुधारा, जास्त जणांना थोडं थोडं द्या. नळच बंद केला तर पुढची कारिको अर्ज तरी कुठे करणार?

माळरान:
माझा राग किमतीवर आहे. स्निग्ध नॅनोकणांतून दिलं जाणारं पॅटिसिरान हे एका आनुवंशिक मज्जाविकारावरचं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तिथली तेव्हाची छापील किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर! करदात्यांच्या पैशावर पाया उभा राहिला असेल तर अनुदानाच्या करारातच किमतीची अट हवी.

शिंपला:
माळरान, अट हवीच. पण सुरक्षिततेच्या अभ्यासाचा वाटाही आधीच वेगळा काढून ठेवा. २००८ मध्ये लांब कार्बन नॅनोनळ्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, उंदरांच्या पोटात टोचल्यावर अ‍ॅस्बेस्टॉस या कॅन्सरकारक तंतूसारखाच दाह दिसला होता. असले प्रयोग विकायला काही देत नाहीत, म्हणून ते सरकारी पैशावरच होतील.