टाक्याला जळजळ: संक्रांतीला आलेल्या फिजिओंचा नंबर कुणाकडे आहे?

केतकी, सोमवार, रात्री 11:52

नमस्कार मंडळी,
हळदीकुंकवाला ज्या फिजिओ आल्या होत्या, मागच्या खोलीत मॅटवर झोपवून दाखवत होत्या त्या, त्यांचा नंबर किंवा मेल कुणाकडे आहे का? जरा तातडीने हवाय. मला तेव्हा आठवा होता म्हणून मी खुर्चीतच बसून होते आणि लिहून घ्यायचं राहिलं.
दुसऱ्या सिझरला पाच महिने होतील. टाका वरून मस्त भरलाय, पण उजव्या टोकाला जळजळते, जीन्सचं बटण टेकलं की चटका बसतो आणि त्याच्या वरची दोन बोटं जागा बधिर आहे. कार सीट उचलताना आतून खेच बसते. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, बघितलं, इन्फेक्शन नाही म्हणाला, रेफरल टाकला, पण आलेल्या पत्रात 14 आठवडे थांबा लिहिलंय. सासूबाई शनिवारी पुण्याहून येतायत, बला तेल घेऊन. रोज जोर लावून चोळलं की आतली गाठ मोकळी होते असं त्या म्हणतात, मायेनेच म्हणतात, पण मला शनिवारच्या आत कुणा जाणकाराला विचारायचंय.

सुहास (सचिव), मंगळवार, सकाळी 7:15

केतकी, नंबर माझ्याकडे आहे पण असा आपल्या या मेल लिस्टवर टाकता येणार नाही. त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्यांची परवानगी घेतलेली नाही, जीडीपीआर (खाजगी माहिती जपण्याचा कायदा) आपल्यालाही लागू आहे. शिवाय केटरिंगवरून जे झालं त्यानंतर एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, ठरलंय की व्यावसायिकांची नावं लिस्टवर नकोत. मी त्यांना आज मेल करून विचारतो. तब्येतीची काळजी घे.

विद्याकाकू, मंगळवार, सकाळी 9:40

केतकी, अगं घाबरू नकोस. माझं सिझर 1986 सालचं, मिरजेचं, तेव्हा उभा छेद घ्यायचे, बेंबीखालून सरळ खाली. मालिशवाली बाई दीड महिना रोज यायची, तेल कोमट करून पाठ, कंबर, पाय, आणि मग शेगडीचा शेक, ओवा-शेपाची धुरी. पोट घट्ट बांधलेलं असायचं. मला आजतागायत टाक्याचा त्रास नाही. सासूबाई एवढ्या लांबून येतायत तर करून घे गं, इथे कोण करतं आपलं? स्नायू कापलेले असतात, त्यांना हात लागल्याशिवाय ते मोकळे कसे होणार.

ऋजुता, मंगळवार, दुपारी 1:05

काकू, तुमच्या मालिशवाल्या बाईंबद्दल मला आदरच आहे, आणि नीट वाचलं तर तुम्ही पाठ, कंबर, पाय लिहिलंय, टाका लिहिलेला नाही! त्या बाईंनी टाक्यावर जोर लावलाच नसणार.

मी फिजिओ आहे पण गुडघे-खुबे बघते, पेल्विक हेल्थ, म्हणजे ओटीपोटाचं दुखणं, माझं क्षेत्र नाही, त्यामुळे केतकी, हे तपासणीच्या ऐवजी धरू नकोस. पण दोन गोष्टी सांगते. हल्लीच्या आडव्या छेदात पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. कापतात ती कातडी, चरबी, स्नायूवरचं जाड आवरण, पोटाचं आतलं अस्तर आणि गर्भाशय. हे सगळे थर आपापले भरून येतात आणि भरताना एकमेकांना चिकटू शकतात, मग वाकलं-उचललं की तो चिकटलेला भाग ओढला जातो. आणि छेदाच्या दोन्ही टोकांच्या आसपास त्वचेच्या नसा आहेत, त्या दुखावल्या किंवा वणात अडकल्या तर नेमकं तू लिहिलंस तसं होतं, वर बधिर आणि टोकाला जळजळ. तुझं तेच आहे का हे हात लावून बघणाऱ्यानेच सांगावं. नसेचं दुखणं असेल तर त्यावर जोर लावून चोळणं म्हणजे भाजल्यावर घासणं.

हात लावायचाच नाही असं मी म्हणत नाही, उलट लावायचा. जखम पूर्ण बंद, खपली नाही, ओल नाही, सहा-आठ आठवडे झालेत, तुझं हे सगळं झालंय. उताणी झोप, गुडघ्याखाली उशी घे. सुरुवात टाक्यापासून लांब, बेंबीपाशी, तळहात नुसता ठेवून श्वास पोटात जाऊ दे. मग टाक्याच्या कडेला दोन बोटं सपाट ठेव. तेल नको, तेलाने बोट घसरतं, आपल्याला कातडीवर बोट फिरवायचं नाहीये, बोटाबरोबर कातडी हलवायची आहे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, घड्याळातल्या 12, 6, 9, 3 सारखं. एका दिशेला ती अडते, तिथे ढकलायचं नाही, अडते तिथेच हलकेच अर्धा-एक मिनिट थांबायचं, ती आपोआप थोडी सैल होते. पाच मिनिटं, दिवसातून एकदा. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं तर हात काढायचा. जळजळीच्या टोकाला आत्ता दाबूच नकोस, तिथे आधी कापूस, मग मऊ रुमाल, मग टॉवेल असं नुसतं फिरव, नसेला स्पर्शाची पुन्हा सवय व्हायला लागते.

आणि जोराबद्दल म्हणाल तर 2018 साली 28 बायकांवर केलेला एक अभ्यास आहे, सगळ्यांचं सिझरनंतरचं जुनं दुखणं. काहींना वरवरचं हलकं काम केलं, काहींना खोलवर. आराम दोन्हीकडे पडला, खोलवरचं वरचढ ठरलं नाही. लहान अभ्यास आहे, पण जोर लावलाच पाहिजे असं त्यातून तरी निघत नाही.

मंदार, मंगळवार, दुपारी 4:20

सर्वांना विनंती, विषय महत्त्वाचा आहे पण ही लिस्ट सगळ्या कुटुंबांकडे जाते, माझे वडीलसुद्धा वाचतात. महिलांच्या वॉट्सॅप ग्रूपवर बोललात तर तुम्हालाच मोकळेपणाने बोलता येईल असं वाटतं. कुणाला दुखवायचा हेतू नाही. गणपतीच्या ढोल सरावाची वेळ कुणीच कन्फर्म केलेली नाही ते बघावं.

शिल्पा, मंगळवार, रात्री 10:30

मंदार, तुझ्या वडिलांनी अवश्य वाचावं. माझ्या नवऱ्याने असलं काही कुठे वाचलं असतं तर माझी नऊ वर्षं वाया गेली नसती. नऊ वर्षं मी "सिझर झालंय ना, थोडं दुखणारच" हे ऐकलं, आईकडून, मैत्रिणींकडून, इथल्या एका दवाखान्यातसुद्धा, आणि मी स्वतःलाही तेच सांगत होते. पावसाळी हवेत जास्त दुखायचं, शिंकताना हात आपोआप टाक्यावर जायचा, मुलाने धावत येऊन मिठी मारली की मी कंबर मागे घ्यायची. तो तेवढ्यापुरता थांबायला शिकला होता, ते मला फार लागलं.

शेवटी पेल्विक हेल्थ फिजिओकडे गेले, प्रायव्हेट, कारण मला आणखी थांबायचं नव्हतं. त्या बाईंनी पहिल्या भेटीत जवळजवळ अर्धा तास नुसतं विचारलं, मग टाक्याला हात लावण्याआधी परवानगी घेतली. एका जागी डावीकडे त्यांनी कातडी चिमटीत उचलायचा प्रयत्न केला तर ती उचललीच गेली नाही, पोळपाटाला चिकटलेल्या पोळीसारखी. शेजारची सहज उचलली जात होती. ती जागा मी कधी बोटाने चाचपलीच नव्हती, नऊ वर्षांत आंघोळीतसुद्धा मी तिथे बघायची नाही. चौथ्या भेटीला तिथली कातडी चिमटीत आली आणि मी तिथेच रडले. दुखणं शून्यावर गेलं नाही पण शिंक आली तर हात जात नाही आता.

केतकी, नंबर मिळेपर्यंत एक कर. इंग्लंडमध्ये बऱ्याच भागांत पेल्विक फिजिओसाठी जीपीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, तुझ्या एनएचएस ट्रस्टच्या (तुझ्या भागातल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वेबसाइटवर बघ, कधी कधी ती रांग वेगळी असते. आणि बाहेर कुणाकडे गेलीस तर एचसीपीसीच्या (फिजिओंची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरवर नाव टाकून बघ, फुकट आहे, एक मिनिट लागतं. फिजिओथेरपिस्ट ही पाटी रजिस्टर असल्याशिवाय लावता येत नाही, "स्कार थेरपिस्ट" किंवा "मसाज थेरपिस्ट" कुणीही लावू शकतं. त्यातही चांगले हात असतात, पण आधी बघून घे.

प्रणाली, बुधवार, सकाळी 6:50

मी एरवी इथे लिहीत नाही. केतकी, तुला गाठ हाताला लागते का? सासूबाई "आतली गाठ" म्हणाल्या म्हणून विचारतेय. माझ्या टाक्याच्या डाव्या टोकाला बोरा एवढी गाठ होती, पाळी आली की सुजायची, पाळी गेली की कमी. मी वर्षभर चोळत होते, डाग जाड झालाय समजून. सोनोग्राफीत निघालं की ते टाक्यातलं एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी टाक्यात राहतात आणि तिथेच वाढतात. माझी ऑपरेशन करून काढावी लागली. मालिशने ते जाणार नव्हतंच. पाळीबरोबर दुखणं कमीजास्त होत असेल, किंवा खोकल्यावर फुगवटा येत असेल, तर आधी जीपीला हे शब्द वापरून सांग. अंगावर पिताना पाळी आली नसेल तर कळणारही नाही, पण लक्षात ठेव.

विद्याकाकू, बुधवार, सकाळी 10:05

प्रणाली, एवढं सगळं झालं आणि तू कुणाला सांगितलं नाहीस गं. तुझ्या डब्याची सोय मी केली असती.
ऋजुता, तुझं पटलं. हो, आठवून बघितलं तर त्या बाई टाक्याच्या भोवती कापड ठेवायच्या, तिथे तेल लागू द्यायच्या नाहीत. केतकी, सासूबाईंना पाठ-कंबर चोळू दे, त्यात त्यांचाही जीव शांत होईल, आणि टाका तुझ्या हातात ठेव. मी बोलू का त्यांच्याशी? आमचं माहेर एकाच गल्लीतलं आहे, माझं ऐकतील. पोटपट्ट्याचं मात्र मी अजून म्हणते, मला त्याने आधार वाटायचा.

ऋजुता, बुधवार, दुपारी 12:40

काकू, पट्टा सुरुवातीच्या दिवसांत उठता-बसताना आधाराला चांगलाच, पाच महिन्यांनी दिवसभर नको, स्नायूंनी स्वतः काम करायला हवं. बोला तुम्ही त्यांच्याशी, प्लीज.

सुहास (सचिव), बुधवार, संध्याकाळी 6:30

त्यांचं उत्तर आलं, केतकीला मी नंबर वेगळा पाठवलाय. त्यांनी स्वतःहून विचारलंय की पुन्हा एक सत्र घेऊ का, या वेळी फक्त सिझरच्या टाक्यांवर, दोन तास, दहा जणी. रविवार 11 ते 1 जमतंय पण मागची खोली ढोलवाल्यांकडे आहे. मंदार, तुम्ही मोठ्या हॉलमध्ये करू शकाल का? तिथे कारपेट आहे, ढोल ठेवायला अडचण नाही.

मंदार, बुधवार, रात्री 8:10

मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि शेजारच्यांची तक्रार येते, म्हणून तर मागची खोली घेतली. शिवाय मागच्या खोलीतून दोरखंड आणि स्टॅंड रोज कोण हलवणार. पण ठीक आहे, या रविवारी आम्ही 2 नंतर येऊ. पोरांना मी सांगतो. शिल्पा, तुझी मेल बायकोने वाचली, तिचं नाव दहात धरा.

शिल्पा, बुधवार, रात्री 8:25

धरलं. मंदार, थॅंक यू.

केतकी, शुक्रवार, रात्री 11:15

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओंशी आज फोनवर वीस मिनिटं बोलले. गाठ लागते का विचारलं, खोकायला लावलं, ताप, लाली, पाणी सगळं विचारलं. नसेचं वाटतंय म्हणाल्या, पण प्रत्यक्ष बघूनच सांगेन, रविवारी सत्रानंतर थांब म्हणाल्या. काल रात्री मुलं झोपल्यावर ऋजुताने लिहिलं तसं केलं. 12, 6, 9 ला कातडी हलते, 3 ला, म्हणजे उजवीकडे, जागची हलत नाही. थांबले तिथे. आधी काही नाही, मग बोटाखाली जरासं काहीतरी सरकलं. रुमाल मात्र दोन सेकंदांच्या वर सहन होत नाहीये, आज कापसावर परत आले.
विद्याकाकू, तुमचा फोन झाल्यावर सासूबाईंनी बॅगेत तेलाची एकच बाटली ठेवली, पाठीसाठी.
रविवारी मॅट मी दोन आणते, आणखी आठ लागतील. आणि खोलीची किल्ली शनिवारीच कुणीतरी घेऊन ठेवा, मागच्या वेळी आपण पाऊण तास दारात उभ्या होतो.