अनुभव धागा: 'आझुमांगा दायोह'मधील कोणते पात्र तुम्हाला उशिरा उमगले?

कियोहिको आझुमा यांची 'आझुमांगा दायोह' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९९ ते २००२ या काळात जपानमध्ये मासिकातून प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्येच जे. सी. स्टाफ या स्टुडिओने तिच्यावर सव्वीस भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका केली. मूळ मांगा योन्कोमा प्रकारची आहे, म्हणजे एकाखाली एक अशा चार चौकटी आणि तेवढ्यात एक प्रसंग पूर्ण. चार चौकटींत पात्राचा स्वभाव उलगडायला जागा नसते, त्यामुळे लेखक प्रत्येकीला एक ठळक खूण देतो: चियो लहान आणि हुशार, साकाकी उंच आणि अबोल, तोमो दंगेखोर, योमी चिडकी, ओसाका तंद्रीत हरवलेली. पहिल्या दोन-तीन भागांत आपण या खुणांवरच हसतो. मात्र कथा एका उच्च माध्यमिक विद्यालयातील तीन पूर्ण शैक्षणिक वर्षे चालते आणि इतका काळ सोबत राहिल्यावर त्या खुणेमागची मुलगी दिसू लागते. या धाग्यात मला तेच हवे आहे. कोणते पात्र आवडते एवढेच न लिहिता, कोणाबद्दलचे तुमचे मत बदलले, कोणत्या प्रसंगाने बदलले आणि तुमच्या आयुष्यातील कोणत्या गोष्टीमुळे तो प्रसंग तुम्हाला दिसला, ते कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करते. माझे पात्र साकाकी.

आठवीत असताना माझी उंची पाच फूट आठ इंच होती. वर्गात शेवटचे बाक, प्रार्थनेच्या रांगेत शेवटची जागा आणि व्हॉलीबॉलच्या संघात न विचारता लागलेले नाव, हे सगळे त्या उंचीबरोबर आले. मी कमी बोलत असे, कारण बोलायला सुरुवात कशी करावी हे मला सुचत नसे; पण ते घमेंड आहे असा समज माझ्याबद्दल पसरला आणि तो मी खोडून काढू शकले नाही. साकाकीचे नेमके हेच होते. ती धावण्यात वेगवान आहे, ती बोलत नाही, म्हणून वर्गातल्या मुलींना ती रुबाबदार वाटते आणि काओरिन तर तिच्यावर जीव टाकते. प्रत्यक्षात साकाकीच्या डोक्यात त्या वेळी मांजर असते. तिला गोंडस गोष्टींची विलक्षण ओढ आहे, घरी मांजर पाळता येत नाही, आणि रस्त्यातले ते करडे मांजर, ज्याला चाहते कामिनेको म्हणतात, ती हात पुढे करताच दरवेळी कडकडून चावते.

पहिल्यांदा पाहताना हा चावा मला केवळ पुन्हापुन्हा येणारा विनोद वाटला होता. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की चावल्यानंतरही ती पुढच्या वेळी हात पुढे करतेच. जिला सारे जग थंड समजते, तिच्या स्वभावाचा कणा ही चिकाटी आहे. पुढे शाळेच्या सहलीत ओकिनावाकडील इरिओमोते बेटावर एक रानमांजराचे पिल्लू आपणहून तिच्याजवळ येते. इरिओमोते रानमांजर जगात फक्त त्या एका बेटावर आढळते, त्यांची संख्या शंभराच्या आसपास मानली जाते आणि रस्त्यावरील वाहनांचा धोका त्यांना खरोखरच आहे. मालिकेतही पिल्लाची आई वाहनाखाली मरते आणि ते पिल्लू कसेबसे साकाकीपर्यंत पोहोचते. कामिनेको आपली सारी टोळी घेऊन साकाकीला घेरतो, तेव्हा तिच्यापुढे उभे राहते ते हेच माया नावाचे पिल्लू. त्या प्रसंगी मी रडले. इतक्या वर्षांत एकाही पात्राने साकाकीला 'तू आतून अशी आहेस' असे सांगितलेले नसते आणि मायाला ते सांगावे लागत नाही.

* * *

धागा काढल्याबद्दल आभार. मला ओसाकाविषयी लिहायचे आहे.

अकरावीला मी यवतमाळहून पुण्यात आलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'मी जेवण करून राहिलो' असे वाक्य गेले आणि तेव्हापासून दोन वर्षे मी 'यवतमाळ' झालो. मुले वाईट नव्हती, पण त्यांना माझ्याकडून सतत काहीतरी हवे असे. वऱ्हाडी म्हटल्यावर मी गमतीदारच बोलले पाहिजे, जेवणात झणझणीत रस्साच मागितला पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी मुळात हळू बोलणारा आणि तिखट न खाणारा मनुष्य आहे.

आयुमू कासुगा ही मुलगी ओसाकाहून बदली होऊन वर्गात येते, तेव्हा तोमो तिचे नावच 'ओसाका' ठेवून टाकते आणि पाहता पाहता सगळे, अगदी शिक्षिकाही, तिला तसेच हाक मारू लागतात. यातील विनोद समजण्यासाठी ओसाकाच्या लोकांबद्दलचा जपानी समज माहीत असावा लागतो. ओसाका हे मानझाई या दोघांच्या विनोदी जुगलबंदीचे माहेर मानले जाते आणि तिथला माणूस मोठ्या आवाजाचा, चटपटीत, हजरजबाबी असणार असे गृहीत धरले जाते. कासुगा याच्या अगदी उलट आहे. ती वाक्य सुरू करते आणि मध्येच विसरते, खेळात मागे पडते, वर्गात डुलक्या घेते. इंग्रजी डबिंगमध्ये तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल दिला आहे. शब्द बदलले तरी 'हेलावरून माणूस ओळखणारे लोक' ही गोष्ट तशीच राहिली, असे मला ते ऐकताना वाटले.

मला ती उशिरा कळली, कारण सुरुवातीला मी तिला मंद समजत होतो. मग कोड्यांचा प्रसंग पाहिला. शब्दांच्या खेळावर बेतलेली कोडी ही मुलगी धडाधड सोडवते. तेव्हा ध्यानात आले की तिचे डोके संथ नाही, त्याची वाट वेगळी आहे. चियोच्या दोन वेण्या डोक्यापासून वेगळ्या होत असतील का, हा प्रश्न ती संपूर्ण गांभीर्याने मनात घोळवते. चियोच्या समुद्रकाठच्या बंगल्यात सकाळी वर्गशिक्षिका युकारीबाईंना उठवायला जाताना, अर्धवट झोपेत, वाजवायच्या तव्याऐवजी सुरी हातात घेऊन जाते. प्रत्येक वेळी तिच्या विचाराचा पहिला दुवा बरोबर असतो, फक्त पुढचा दुवा ती आपल्याला अपेक्षित दिशेने जोडत नाही. मालिकेने तिच्यासाठी वेळही वेगळा ठेवला आहे. ती विचार करत असताना कॅमेरा हलत नाही, संगीत थांबते आणि आपण तिच्या गतीने थांबतो.

आणखी एक. टोपणनाव तिने स्वीकारले, पण त्या नावाप्रमाणे वागण्याचा प्रयत्न तिने तीन वर्षांत कधी केला नाही. मी केला होता. वर्गाला आवडेल म्हणून मी मुद्दाम गडद वऱ्हाडी बोलू लागलो होतो, जी माझ्या घरीही कोणी बोलत नसे. ते आठवले की ओसाकाबद्दलचा माझा आदर वाढतो.

* * *

माझा अनुभव लहानसा आहे. तोमो आणि योमी या जोडीकडे मी फार काळ मानझाईच्या चष्म्यातून पाहत होतो: एक 'बोके', म्हणजे वेडगळपणा करणारी, आणि दुसरी 'त्सुक्कोमी', म्हणजे तिला टपली मारून भानावर आणणारी. आपल्याकडच्या बतावणीतही सोंगाड्या आणि त्याला प्रश्न विचारणारा असे दोघे असतातच, त्यामुळे ही रचना मला लगेच ओळखीची वाटली आणि मी पुढे विचार केला नाही. तोमोने बंगल्याची किल्ली भिरकावून द्यायची आणि योमीने तिला बदडायचे, इतकेच.

मत बदलले ते मॅजिकल लँडमुळे. सगळ्या मैत्रिणी त्या मनोरंजन उद्यानात जातात तेव्हा योमी नेमकी आजारी पडते, आणि तोमो तिकडून तिला फोन करून खिजवते. मला तोमोचा राग आला होता. नंतर विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांचे दिवस येतात. इतर मुली एकेक करून उत्तीर्ण होतात. नेमाने अभ्यास करणारी योमी मात्र एका मागून एका ठिकाणी नापास होते आणि अगदी शेवटी तिला प्रवेश मिळतो. बारावीनंतर माझ्या मित्राला प्रवेश मिळाला होता आणि मी तिसऱ्या यादीची वाट पाहत घरी बसलो होतो, त्या दिवसांत तो रोज येऊन माझी थट्टा करत असे. बाकीचे नातेवाईक हळू आवाजात बोलत आणि त्याने मला अधिक भीती वाटे. तो तसाच ओरडत येई, म्हणून काही बदललेले नाही असे वाटे. तोमो हेच करते. पदवीदान झाल्यावर सगळ्या जणी पुन्हा मॅजिकल लँडला जातात आणि या वेळी योमी बरोबर असते.

* * *

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते आणि ही मालिका प्रथम विद्यार्थिनींच्या आग्रहावरून पाहिली. अर्थातच माझे लक्ष युकारी तानिझाकी आणि मिनामो कुरोसावा या दोन शिक्षिकांकडे गेले. युकारी इंग्रजी शिकवते, मिनामो शारीरिक शिक्षण. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी आहेत आणि आता एकाच शिक्षकखोलीत बसतात. मिनामो जबाबदार आहे, मुलींना प्रिय आहे. युकारी आळशी आहे, मैत्रिणीकडून उसने घेते, तिची गाडी चालवण्याची पद्धत अशी की एका प्रवासानंतर चियोला कायमची धास्ती बसते. मला युकारी अजिबात आवडली नव्हती आणि शिक्षिका म्हणून आजही मी तिचे समर्थन करणार नाही.

तरीही वर्षे गेली तशी एक गोष्ट दिसली. मुली मिनामोशी सल्ला घेण्यासाठी बोलतात, पण युकारीशी त्या नुसत्याच बोलतात. क्रीडामहोत्सवात मिनामोच्या वर्गाला हरवायचे म्हणून युकारी जितकी पेटून उठते, तितकी तिच्या वर्गातली एकही मुलगी पेटत नाही. तिला सतरा वर्षांचे असणे विसरता आलेले नाही. माझ्या शाळेतही अशी एक सहकारी होती. आम्ही तिला बेशिस्त म्हणायचो. ती बदलून गेली त्या दिवशी वर्गातली सर्वांत मागे बसणारी, कोणाशी न बोलणारी मुले फाटकापर्यंत तिच्यामागे गेली होती. मी तिच्यापेक्षा चांगली शिकवत होते हे मी आजही म्हणेन, पण ती मुले माझ्यामागे आली नसती.

* * *

सर्वांचे लेखन आवडले, तरी एक नावडता विषय काढणे मला आवश्यक वाटते. किमुरा या शिक्षकाबद्दल कोणीच लिहिलेले नाही. आपण शाळेतल्या मुली आवडतात म्हणून शिक्षक झालो, असे हा मनुष्य वर्गात उघड सांगतो आणि वर्गातले मुलगे त्याच्या धैर्याचे कौतुक करतात. पंधराव्या वर्षी मी या प्रसंगाला हसले होते. आज मला हसता येत नाही, कारण नंतर शिकवणीच्या वर्गात मुलींच्या बाकाजवळ विनाकारण रेंगाळणारा एक शिक्षक मी पाहिला आणि तेव्हाही सगळे हसण्यावारी नेत होते.

लेखकाने किमुराला एकरंगी ठेवलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याची पत्नी अतिशय सौम्य आणि प्रेमळ आहे. नववर्षाला देवळात तो दहा हजार येनची नोट दानपेटीत टाकून जगात शांती नांदो अशी प्रार्थना करतो. हा विरोधाभास विनोद म्हणून उत्तम रचलेला आहे. पण काओरिनकडे पाहा. तिसऱ्या वर्षी तिची रवानगी किमुराच्या वर्गात होते, ती साकाकीपासून आणि सगळ्या मैत्रिणींपासून तुटते आणि तिचे रडणे हाच विनोद ठरतो. पूर्वी काओरिन मला एका खुणेचे पात्र वाटायची: साकाकीवर भाळलेली मुलगी. आता वाटते की साऱ्या मालिकेत भीतीचे खरे कारण तिच्या एकटीकडे आहे आणि ती भीती कोणी गंभीरपणे घेत नाही. मालिका मला प्रिय आहे, म्हणूनच हे लिहिले.

* * *

तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. साकाकीविषयी लिहिताना मी काओरिनचा उल्लेख एका वाक्यात उरकला, तो तसा उरकायला नको होता. किमुराचे प्रसंग मी पुन्हा पाहताना पुढे सरकवते; काओरिनची बाजू मात्र त्यामुळे माझ्याकडूनही सरकून जात होती.

* * *

शेवटी चियोबद्दल लिहितो. मला घरच्यांनी दीड वर्ष आधी शाळेत घातले होते, त्यामुळे दहावीपर्यंत मी वर्गात सर्वांत लहान होतो. चियो मिहामा तर दहा वर्षांची आहे आणि प्राथमिक शाळेतून थेट या वर्गात आली आहे. जपानच्या शिक्षणव्यवस्थेत अशी उडी प्रत्यक्षात घेता येत नाही. लेखकाने ती घेऊ दिली, कारण त्याला हुशारीपेक्षा लहानपण मोठ्यांच्या मध्ये ठेवून पाहायचे होते, असे माझे मत आहे.

लहान असण्याचा खरा त्रास अभ्यासात नसतो, तो मैदानात असतो. आपण वर्गावर ओझे होऊ ही चियोची काळजी मी प्रत्येक क्रीडादिनी अनुभवलेली आहे. धावण्यात ती आणि ओसाका दोघी मागे राहतात आणि त्यातून त्यांची मैत्री पक्की होते. मात्र मला उशिरा कळले ते वेगळेच. लहान मुलाची मोठ्या वर्गात सतत काळजी घ्यावी लागते, असे आपण समजतो. चियो काळजी घेणारी आहे. तोमो, ओसाका आणि कागुरा या अभ्यासात कच्च्या त्रिकुटाला ती घरी बोलावून शिकवते, सुटीत बंगल्यावर नेते, तादाकिचीसान या आपल्या भल्यामोठ्या पांढऱ्या कुत्र्याला फिरवायला साकाकीला सोबत घेते. साकाकीला जे हवे असते ते मागता येत नाही, आणि ते या मुलीला न मागता कळते.

पदवीदानानंतर चियो शिक्षणासाठी अमेरिकेला जाणार असते. मालिका विमानतळापर्यंत जात नाही. माया हे पिल्लू मात्र तोवर चियोच्याच घरी राहिलेले असते, कारण साकाकीला ते स्वतःच्या घरी ठेवता येत नाही. विद्यापीठासाठी साकाकी स्वतंत्र राहू लागेल तेव्हा पिल्लू तिच्याकडे जाईल, हे दोघींनी आधीच ठरवलेले आहे. मी सोळाव्या वर्षी गाव सोडले तेव्हा माझा कुत्रा शेजारच्या ताईंनी असाच ठेवून घेतला होता.