टोपलीवाल्यांना बागेतच बसू द्या

गावातल्या ओपन गार्डनमध्ये, म्हणजे खाजगी बागा तिकीट लावून लोकांना बघायला उघडतात त्या दिवशी, कारागिरांचे स्टॉल नकोत, उगाच जत्रा होते असं काही जण म्हणतात, मला अजिबात नाही पटलं. आम्ही इंग्लंडात सॉमरसेटला राहतो. इथे १९२७ला नर्सिंगसाठी पैसे जमवायला ६०९ खाजगी बागा एकेक शिलिंग तिकीट लावून उघडल्या होत्या आणि तिथून ही पद्धत पसरली, म्हणजे मुळातच ती लोकांच्या उपयोगासाठी आहे.

गेल्या जूनमध्ये आमच्या गावात एक आजोबा सफरचंदाच्या झाडाखाली विलोच्या, म्हणजे लवचिक फांद्यांच्या एका झाडाच्या काड्यांच्या, टोपल्या विणत होते. विलो इथल्याच पाणथळ जमिनीतली. सालीसकट वाळवलेली काडी फुटाला साधारण एक दिवस भिजवायची, म्हणजे पाच फुटी काडीला पाच दिवस आधीपासून तयारी! नीट न भिजलेली काडी त्यांनी मला वाकवायला दिली, कडकन मोडली, भिजलेली मात्र दोरीसारखी वळली. आपल्याकडचे बुरूड डोळ्यासमोर आले एकदम.

माझं तर म्हणणं आहे की अशा कारागिरांना पार्किंगजवळ न बसवता बागेतच सावलीत जागा द्या आणि स्टॉलचं भाडं घेऊ नका, दिवसाला दोन टोपल्या विकल्या गेल्या तर त्यातून भाडं कुठून देणार ते.