पाहुण्यांच्या दमाने : डोंगरातल्या लांब पळण्याचे अनुभव

पावसाळा सरत आला की आमच्या साताऱ्यात पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "कासला फुलं आली का?" हा पहिला प्रश्न, आणि गेल्या काही वर्षांत लगेच दुसरा, "घाटात पळायला येऊ का?" 2012 साली दोन गोष्टी झाल्या. पश्चिम घाटाबरोबर कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. 2015 साली तर अडीच हजारांवर माणसं एकाच डोंगरावर पळाली म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. तेव्हापासून घरोघरी पळणारे पाहुणे उतरतात. त्या निमित्ताने हा धागा. मित्रमंडळी बाहेरून आली, किंवा तुम्ही कुणाकडे गेलात, आणि मिळून डोंगरात लांब पळालात, तर ते सविस्तर लिहा. वेळ किती लागला त्यापेक्षा सोबत कशी जमली ते वाचायला आवडेल. सुरुवात मी करतो.

सातारा

माझ्याकडे दर वर्षी मुंबईचे कॉलेजमित्र येतात. पळायची त्यांना सवय आहे, पण सपाटीवर. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो आणि त्याची धास्ती ते वर्षभर बाळगतात. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट लागला की तसला चढ संपतच नाही. म्हणून मी त्यांना खांबांचा हिशेब शिकवतो : विजेचे दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. पावलं छोटी, हात जरा जास्त हलते, नजर पाच-सहा पावलांच्या पुढे नाही. वळण वर कुठवर जातंय हे बघत बसलं की दम आधी मनातून जातो.

माझं ठाम मत आहे की पाहुणा बरोबर असेल तर पळणं त्याच्या दमानं व्हायला पाहिजे. आपला सराव आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी होतो. त्या दिवशी आपण त्याला आपला डोंगर दाखवत असतो. मी एकटा पळतो तेव्हा मला रस्ता आणि घड्याळ एवढंच दिसतं. यवतेश्वरच्या वर सपाटी लागल्यावर उजव्या हाताला कण्हेरचं पाणी आणि डाव्या हाताला सज्जनगड, त्याच्या पायाशी उरमोडीचं धरण, हे मला नीट दिसायला लागलं ते मित्र थांबून विचारायला लागले तेव्हा. "तो कुठला गड? त्या पवनचक्क्या कुठल्या?" उत्तरं देता देता आमचा चढ संपलेला असतो.

वाटेतल्या पेट्री गावाच्या पुढे धुकं असेल तर आम्ही जोडीजोडीने, रस्त्याच्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळतो. भडक रंगाचे शर्ट घालायला मी आधीच सांगून ठेवतो. सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी फुलं बघणाऱ्या गाड्यांची रांग लागते, त्यामुळे सात वाजायच्या आत पठाराकडून परत फिरलेलं बरं. सोनकी आणि तेरडा रस्त्याच्या कडेलाही भरपूर दिसतात, पठारावर फुलांत पाऊल टाकायची गरज नाही. कारवी मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. ती फुललेल्या वर्षी कुणाचंच पळण्याकडे लक्ष नव्हतं आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

उतरताना खरी काळजी घ्यावी लागते. चढावर धाप लागते तेव्हा माणूस आपोआप हळू होतो. उतारावर तसं काही सांगणारं नसतं. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलत असतात, आत बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना मित्रांचे फोन येतात ते म्हणूनच. टाच पुढे रोवून प्रत्येक पावलाला ब्रेक लावत उतरू नका, पावलं भराभर आणि शरीराच्या खालीच पडू द्या.

बोरिवली

वरच्या मित्राकडे जाणाऱ्यांपैकी मी एक. पाहुण्याची बाजूही लिहायला हवी. आपल्यासाठी कुणीतरी हळू पळतंय हे पाहुण्याला कळत असतं आणि त्याचं ओझंही होतं. मी दोनदा-तीनदा म्हणायचो, "तू हो पुढे." तो गेला नाही. मग मी ते म्हणणं सोडलं आणि त्याच्याशी गप्पा मारायला लागलो. वीस वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. त्याच्या वडिलांचं आजारपण, माझी सुटलेली नोकरी, सगळं त्या घाटात निघालं. समोरासमोर बसून ते निघालं नसतं. शेजारी शेजारी पळताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि धाप लागल्यामुळे वाक्यं छोटी होतात. त्याच्या आईने परतल्यावर वाढलेलं गरम गरम पिठलं आणि निघताना हातात दिलेले कंदी पेढे, यासाठीही मी सातारा गाठतो.

पुणे, सिंहगड रस्ता

मी काही वर्षं नेदरलँड्समध्ये नोकरीला होते. तिथली माझी मैत्रीण डिसेंबरात आली. सपाट देशातली, अनेक मॅरेथॉन पळालेली, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. तिला राजगड ते तोरणा करायचं होतं. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यत होते, त्याबद्दल तिने वाचलं होतं. आम्ही स्पर्धेत नव्हतो, दोघीच जाणार होतो.

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून पहाटे निघालो. चोर दरवाजाच्या कातळापर्यंत ती माझ्या पुढे. पद्मावती माचीवर पाणी भरून घेतलं, संजीवनी माचीवरून पळत निघालो. डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना तटबंदी आणि समोर आपल्याला जायचं आहे तो तोरणा, 1403 मीटर उंच. त्या माचीवर पळताना मला जे वाटतं ते इतर कुठेही वाटत नाही. मग आळू दरवाजातून बाहेर पडलो आणि सोंडेवर घसारा सुरू झाला. डिसेंबरात वाळलेलं गवत आणि खाली सुटा मुरूम. माझी वेगवान मैत्रीण तिथे जागच्या जागी थांबली. तिच्या देशात तिला असं उतरायची वेळच कधी आली नव्हती.

इथे मी वरच्या मताला पाठिंबा देते, पण एक भर घालून. दम आणि भीती या वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेल्या माणसाबरोबर हळू चालता येतं. घाबरलेल्याच्या पुढे जाऊन त्याला पाय ठेवायची जागा दाखवावी लागते. मी तिच्या दोन पावलं पुढे, तिरकी तिरकी उतरत गेले. तळपाय पूर्ण टेकव, गुडघे जरा वाकव, मागे रेलू नकोस, एवढंच सांगत होते. मागे रेललं की पाय सुटतो. अर्ध्या सोंडेपर्यंत तिला लय सापडली आणि तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तिने मला काय दिलं तेही सांगते. मी भूक लागेल तेव्हा खायचे. ती घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकायची, भूक असो नसो. तिच्याकडे जेल, म्हणजे पळताना खायच्या गोड पाकाच्या पुड्या होत्या, माझ्याकडे राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की. भुतोंड्याच्या खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून तोरण्याच्या बुधला माचीचा चढ सुरू झाला की एरवी माझे पाय जड होतात, त्या दिवशी झाले नाहीत. तिला चिक्की इतकी आवडली की उरलेली जेल तिने तशीच परत नेली. मेंगाई देवीच्या देवळापाशी बसलो, मग बिनी दरवाजातून वेल्ह्याला उतरलो.

गडांवर पळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, मोठ्याने गाणी वाजवू नका. पाहुण्यांना हे आधीच सांगा, त्यांना ते माहीत असण्याचं कारण नाही.

जोहान्सबर्ग (मूळ कोल्हापूर)

आमच्याकडे जूनमध्ये पुण्या-कोल्हापूरचे मित्र कॉम्रेड्ससाठी येतात. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधली सुमारे 90 किलोमीटरची ही शर्यत 1921 साली सुरू झाली, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी. नावातच सोबती आहेत. एका वर्षी डर्बनकडून वर, पुढच्या वर्षी बहुधा तिकडून खाली. वर जाताना काउइज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि शेवटी पॉली शॉर्ट्स अशा पाच नावाजलेल्या टेकड्या लागतात. त्यांच्या मधला रस्ताही सपाट नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगतो.

पाहुण्याच्या दमानं पळावं हे वरचं मत मला पूर्ण पटत नाही. बारा तासांची मर्यादा आहे. बारा तास भरले की शेवटच्या रेषेवर एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. कुणाकडे बघून दया येऊ नये म्हणून ही पाठ. मागचा माणूस दोन पावलांवर असला तरी त्याला पदक नाही. अशा ठिकाणी दोघांनी शेवटपर्यंत एकत्र राहायचा हट्ट धरला तर दोघांचंही वर्ष जाऊ शकतं. म्हणून आमचा करार आदल्या रात्रीच ठरतो : निम्म्या वाटेवरच्या ड्रमंडपर्यंत एकत्र, पुढे ज्याचे त्याचे पाय. निरोप घेऊन वेगळं व्हायचं, न सांगता नाही. ड्रमंडला मिठी मारून पुढे गेलेला मित्र दोघांनाही बळ देऊन जातो, असा माझा अनुभव आहे.

आणि तिथे कुणी एकटं पडत नाही. ठरलेल्या वेळेत पोचवणाऱ्या जाणत्या पळणाऱ्यामागे मोठा घोळका चालतो, त्याला तिथे बस म्हणतात. पुढारी सांगेल तिथे सगळे चालतात, सांगेल तिथे पळतात. पुण्याचा माझा मित्र अशाच एका बसमधून पॉली शॉर्ट्स चढला. बसमधल्यांची भाषा त्याला येत नव्हती, गाण्याची ओळ मात्र तो त्यांच्याबरोबर म्हणत होता. जूनमध्ये तिथे हिवाळा, पाच वाजून गेले की अंधार. त्या अंधारात तो आत आला.

पाण्याबद्दल एक महत्त्वाचं. इतक्या तासांत नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्या आणि मीठ पोटात जाऊ द्या. वाटेत मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात, ते सोडू नका.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पीटरमारित्झबर्गचं रेल्वे स्टेशन दाखवतो. 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच. तिथे पाटी आहे. लंगडत लंगडत फलाटावर गेलेले मित्र बराच वेळ बोलत नाहीत. खाली पळायच्या वर्षी तर त्याच गावच्या कडाक्याच्या थंडीत आदल्या पहाटे आपण उभे होतो हे प्रत्येकाला तिथे उमगतं.

नाशिक

थोडक्यात लिहितो. लेहला सप्टेंबरात खारदुंग ला चॅलेंज होते, 72 किलोमीटर. खारदुंग गावातून पहाटे तीनला सुटायचं, तीसेक किलोमीटर चढून साडेसतरा हजार फुटांवरची खिंड, मग लेहपर्यंत उतार. लेह स्वतःच साडेअकरा हजार फुटांवर. लेहच्या मित्राकडे मी बरेच दिवस आधी जाऊन राहिलो, कारण विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. पहिले दोन दिवस त्याने मला गल्लीच्या टोकापर्यंतही पळू दिलं नाही.

तिथे सोबतीचं काम वेगळं असतं. खिंडीजवळ माणसाला स्वतःला काय होतंय ते समजत नाही. मित्राने मला दर थोड्या वेळाने घरच्यांची नावं विचारली, सरळ रेषेत चालायला लावलं. बोलणं अडखळलं किंवा तोल गेला तर लगेच गाडीत बसवून खाली न्यायचं, वाद घालायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. त्यामुळे दमाचा, वेळेचा प्रश्न तिथे उरतच नाही. एकमेकांवर डोळा ठेवता येईल एवढ्याच अंतरावर दोघांनी असायचं.

वाई

मी पळत नाही. माझे दीर पळतात आणि त्यांचे मित्र पुण्या-मुंबईहून पसरणी घाट चढायला येतात. वाईतून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर, कुणी पुढे महाबळेश्वर गाठतात. गाडी घेऊन मागून जायचं काम माझं आणि ते मला मनापासून आवडतं. खाली वाई, पलीकडे धोमचं पाणी, आणि वळणावळणावर आपली माणसं वर येताना दिसतात.

गाडीत मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, कोकम सरबत, केळी, कोरडे टॉवेल, जास्तीचे मोजे आणि प्रत्येकाचा एक सुका शर्ट ठेवते. वर थांबल्यावर घाम गार होतो आणि वाऱ्याने माणूस कुडकुडायला लागतो, म्हणून शर्ट आधी, चहा नंतर. वळणावर गाडी कधीच थांबवत नाही, रुंद जागा बघून पुढे जाऊन थांबते. कोण कुठल्या औषधाच्या गोळ्या घेतं, घरी फोन कुणाला करायचा, हे आदल्या रात्री जेवताना विचारून वहीत लिहून घेते. पळणाऱ्यांना ते विचारायचं सुचत नाही, त्यांचं सगळं बोलणं बुटांवर चाललेलं असतं.

एकदा एका मित्राच्या पोटरीत असा गोळा आला की त्याला पाऊल टाकवेना. बाकीचे सगळे थांबले. त्यानेच हट्टाने त्यांना पुढे पाठवलं आणि गाडीत माझ्या शेजारी बसून पाचगणीपर्यंत प्रत्येकाला नावाने हाका मारत, टाळ्या वाजवत आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, बायकोला घेऊन. ती आता पळते आणि घाटात गाडीची एक फेरी तो चालवतो. त्यामुळे यंदा मला पाचगणीत आधी पोचून सगळ्यांसाठी पोहे सांगून ठेवता येतील.