मदत हवी आहे: मोटार सुरू होताच १६×२ डिस्प्लेवरील अक्षरे बिघडतात

सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात विहिरीची पातळी दाखवण्यासाठी मी आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला एचडी ४४७८० कंट्रोलर चिपचा, १६ अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले ४-बिट पद्धतीने (आठऐवजी चारच डेटा वायरींनी) जोडला आहे. वडिलांना मराठीच वाचता येते, म्हणून ‘पाणी’ची अक्षरे ५×८ ठिपक्यांत स्वतः आखून सीजीरॅमच्या (स्वतः आखलेली अक्षरे ठेवण्याच्या डिस्प्लेतील मेमरीच्या) आठ जागांपैकी काहींत भरली आहेत. घरी टेबलावर सारे दिवसभर बिनचूक चालते; मात्र स्टार्टरच्या पेटीत बसवल्यावर कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ‘खट्’ करून ओढला गेला की ‘पाणी’च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात आणि आर्डुइनो रीसेट केल्याशिवाय जात नाहीत, जरी प्रोग्रॅम चालूच असतो.

४-बिट पद्धतीत प्रत्येक बाइट दोन अर्ध्या भागांत जात असल्याने ई पिनवर (‘आता डेटा वाच’ असा इशारा डिस्प्लेला देणाऱ्या पिनवर) एखादा खोटा पल्स आला, तरी पुढील सर्व अर्धे चुकीच्या जोडीने वाचले जात असावेत, असा माझा तर्क आहे. डिस्प्लेच्या वायरी दीड फूट लांब आहेत. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (विजेचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावावा, आधी वायरी आखूड कराव्यात, की ठरावीक वेळाने डिस्प्ले नव्याने सुरू करून अक्षरेही पुन्हा भरावीत? ज्यांनी मोटारीजवळ असा डिस्प्ले टिकवला आहे, त्यांनी कृपया जोडणीसह सांगावे.