जिवलग मैत्रिणीचाच हेवा का वाटतो?

रानजाई:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीणही त्याच पेशात. कॉलेजात एकमेकींच्या नोट्स वाचून आम्ही पास झालो. मी हॉस्पिटलात नोकरी करते, तिनं नुकतंच स्वतःचं क्लिनिक थाटलं. उद्घाटनाचे फोटो इन्स्टाग्रामवर आले तेव्हा मी लगेच लिहिलं, 'खूप अभिमान वाटतो गं तुझा.' ते मनापासून होतं. पण रात्री अंथरुणावर पडले की तोच फोटो उघडला जातो. काचेच्या दारावर तिचं नाव आहे, ते मोठं करून बघत राहते. घशात आवंढा येतो. नट्यांचे बंगले बघून मला कधी काही वाटलेलं नाही, मग हिच्याच बाबतीत का? तिला म्यूट करावं, म्हणजे तिच्या पोस्ट दिसायच्याच नाहीत, असं मनात येतं, आणि मग स्वतःचीच चीड येते. कुणी यातून गेलंय का?

पाणवठा:
मी मानसशास्त्र शिकवतो. नट्यांचं काही न वाटणं आणि मैत्रिणीचं वाटणं, दोन्हींचं कारण एकच आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला: आपण कुठवर आलो हे मोजायला ठोस माप नसलं की माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो, आणि फरक फार मोठा असला की तुलना करतच नाही. नटीच्या बंगल्याशी तुम्ही स्वतःला मोजतच नाही. मैत्रीण मात्र त्याच शिक्षणाची, त्याच पेशातली. तुमच्या हाताशी असलेलं सगळ्यात अचूक माप तीच आहे. तेव्हा तुम्ही दुष्ट आहात असं मनातही आणू नका.

एक मात्र ध्यानात घ्या. फोटोवर तुम्ही किती वेळ रेंगाळता याची ॲप दखल घेतं, आणि तशाच पोस्ट आणखी पुढे करतं. रात्रीचं ते बघणं दुसऱ्या दिवशीची फीड ठरवतं.

अक्षरवेल:
म्यूट करा, अपराधी वाटून घेऊ नका. समोरच्याला ते कळत नाही आणि कधीही काढता येतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा 2018 चा एक अभ्यास आहे, 143 विद्यार्थ्यांवरचा. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, प्रत्येकी दिवसाला 10 मिनिटं, असं 3 आठवडे. ज्यांनी ही मर्यादा पाळली त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं. आणि ज्यांच्यावर बंधन नव्हतं, फक्त वापराची नोंद ठेवली जात होती, त्यांचीही चिंता थोडी उतरली. नुसतं लक्ष ठेवल्यानंही फरक पडत असावा. लाइकचे आकडे लपवायची सोय 2021 पासून आहे, तीही वापरून बघा.

दुपारउन्हं:
मला अक्षरवेल यांचं पटत नाही. मी पलीकडच्या बाजूला आहे. माझं स्वतःचं काम सुरू झालं तेव्हा जिच्याशी रोज बोलायचे ती हळूहळू गप्प झाली. लाइक यायचं, फोन यायचा नाही. फोटोत फुलं आणि रिबन होती. कर्जाचा हप्ता आणि पहिल्या महिन्यातल्या रिकाम्या खुर्च्या कोण टाकतं? ते सगळं मला तिलाच सांगायचं होतं. म्यूट केल्यानं तुमची मैत्रीण आणखी लांब जाईल आणि तिचा तो फोटो मात्र तुमच्या डोक्यात तसाच राहील. जाऊन भेटा. दार उघडून आत बसा, तिला काय जड जातंय ते विचारा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठा, 'अचूक माप' हे वाचून फार हलकं वाटलं, आतापर्यंत मी यात फक्त माझा खोटेपणा बघत होते. रात्री ॲप उघडायचं नाही, एवढं आजपासून. म्यूट सध्या नको. तिला फोन केला, रविवारी क्लिनिक बंद असतं तेव्हा ये म्हणाली. जाणार आहे. हेव्याचं तिला सांगावं की नाही, अजून ठरत नाही.

दुपारउन्हं, तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं असतं तर तुम्हाला ऐकायला आवडलं असतं का?

दुपारउन्हं:
हो. वाईट वाटलं असतं, पण ती का गप्प झाली ते कळलं तरी असतं.