प्रतिसाद: जिम गॅव्हिनला तयार संघ मिळाला?

गेलिक फुटबॉल या आयरिश खेळातल्या डब्लिन संघाचा माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन याला संघ आयता मिळाला, असं मत इथे मांडलं गेलं; ते मला पटत नाही. खेळाडू म्हणून १९९५चं ऑल-आयर्लंड (आयर्लंडची राष्ट्रीय स्पर्धा) जिंकल्यावर त्याने डब्लिनचा २१ वर्षांखालील संघ घडवला. त्या वयोगटातली २०१० आणि २०१२ची विजेतेपदं त्याचीच. मॅककॅफ्री, किलकेनी हे खेळाडू तिथूनच मुख्य संघात वर आले. मुख्य संघाचा प्रशिक्षक झाल्यावर खरा धडा २०१४च्या ऑल-आयर्लंड उपांत्य सामन्यात मिळाला. डॉनेगल संघाविरुद्ध डब्लिनचे बचावपटू फार पुढे सरकले, मागे मैदान मोकळं पडलं आणि ३ गोल बसले (एक गोल म्हणजे ३ गुण!). ३-१४ विरुद्ध ०-१७ (आधी गोल, मग एकेरी गुण), म्हणजे २३ विरुद्ध १७, ६ गुणांनी हार. त्यानंतर त्याने बचावपटू किअन ओ'सलिव्हनला शेवटच्या बचावफळीपुढे राखण करायला थांबवलं. २०१५ ते २०१९ सलग पाच विजेतेपदं आली, त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे.